विद्यार्थी रोबोट स्पर्धांतील नियमांची संदिग्धता आणि सुट्या भागांची वैधता : नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नाशिक परिसरातील अभियांत्रिकी शिक्षणाचा विस्तार हा प्रामुख्याने गेल्या चार दशकांतील आहे. पंचवटीतील अमृतधाम येथील के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ मध्ये, तर गंगापूर रस्त्यावरील मराठा विद्या प्रसारक समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ मध्ये सुरू झाले. पुढे आडगाव, महिरावणी अशा शहराच्या वेशीवरील गावांतही अभियांत्रिकीची संकुले उभी राहिली. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे या विद्यार्थ्यांना एक सोय अशी लाभली, जी अनेक जिल्ह्यांत मिळत नाही. कागदावर काढलेला भाग दोन दिवसांत लेथवर कातून मिळतो, वायरकटिंग करून मिळते आणि एखाद्या कारखान्यात पडून असलेली जुनी सर्व्हो मोटार ओळखीने मागून आणता येते. इलेक्ट्रॉनिक्सचे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अथवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून येते. अशा साहित्यातून सहा-आठ महिन्यांच्या श्रमाने रोबोट उभा राहतो आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणीच्या टेबलावर तो पंचांपुढे ठेवला जातो. तेथे एखादा भाग ‘नियमबाह्य’ ठरला, तर संपूर्ण वर्षाचे काम एका वाक्याच्या अर्थावर अडून राहते.

असे प्रसंग केवळ विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणाने उद्भवतात, असा एक समज प्राध्यापकवर्गात आढळतो. तो अर्धाच खरा आहे. नियमावलीतील वाक्यच दोन अर्थांचे असते, त्यावरील खुलासा उशिरा येतो, अथवा खुलासा देण्याचा अधिकार नक्की कोणाचा हेच स्पष्ट नसते. प्रस्तुत लेखात या संदिग्धतेची कारणे, तिचे तांत्रिक स्वरूप आणि मार्गदर्शक प्राध्यापकाची त्यातील भूमिका यांचे विवेचन केले आहे.

नियमावलीची उतरंड

भारतातील महाविद्यालयीन रोबोट स्पर्धांमध्ये रोबोकॉनचे स्थान मध्यवर्ती आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना ही स्पर्धा भरवते. पहिली स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत झाली. भारतात राष्ट्रीय फेरीची धुरा दूरदर्शनने उचलली आणि अनेक वर्षे ही फेरी पुण्यात, पुढे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असल्याने नाशिकच्या विद्यार्थ्यांना ती घरच्या अंगणातली वाटे. नंतर ती दिल्लीला गेली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद भारताकडे २००८ व २०१४ मध्ये पुण्यात आणि २०२२ मध्ये नवी दिल्लीत आले.

या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की, खेळ दरवर्षी नवा असतो आणि तो यजमान देश ठरवतो. २००८ चा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता, तर २०२२ चा लगोरी. दोन्ही खेळ महाराष्ट्रातील मुलांच्या अंगवळणी पडलेले; परंतु गल्लीत ते लेखी नियमांवाचूनच खेळले जातात. लगोरीत कोणाला चेंडू ‘लागला’ आणि कोणाला नाही, यावर गल्लीगल्लीत रोज भांडणे होतात व ती डाव थांबवून आवाजाच्या जोरावर मिटतात. यंत्रांच्या लगोरीत मात्र रचणाऱ्या पक्षाच्या रोबोटच्या डोक्यावर एक चेंडू बसवण्यात आला. तो खाली पडला म्हणजे रोबोटला लागले. नियमकर्त्याने येथे ‘लागणे’ या शब्दाची व्याख्या करीत न बसता सर्वांना दिसेल अशी एक खूण शोधली. चांगल्या नियमाचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण आहे.

दरवर्षी खेळ नवा, म्हणजे दरवर्षी नियमावलीही नवी. तिच्या मागे पूर्वीच्या निवाड्यांची परंपरा उभी नसते. मूळ नियमावली यजमान देशाची, तीवरील प्रश्नोत्तरे आयोजन समितीची, राष्ट्रीय फेरीसाठी केलेले बदल राष्ट्रीय आयोजकांचे आणि स्पर्धेच्या सकाळी संघनायकांच्या बैठकीत तोंडी दिलेल्या सूचना मुख्य पंचांच्या, अशी ही चार पायऱ्यांची उतरंड असते. यांत विरोध आला तर कोणती पायरी वरचढ, याचा उल्लेख सर्वच नियमावल्यांत असतो असे नाही. बहुतेक वाद याच ठिकाणी जन्म घेतात.

‘वैध भाग’ : तीन उदाहरणे

सुट्या भागांच्या वैधतेविषयी स्पर्धांची तीन प्रकारची धोरणे दिसतात. पहिल्यात अनुज्ञेय भागांची यादीच दिलेली असते; यादीत नाही ते वर्ज्य. अमेरिकेत १९९२ पासून होणाऱ्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धेत चालक मोटारींबाबत हे धोरण आहे. एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत तर अनेक वर्षे सर्व संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे एकाच प्रकारचे ३०५ घनसेंटिमीटरचे इंजिन वापरावे लागे व त्यात फेरफार करण्यास मनाई होती. दुसऱ्या धोरणात एकाच उत्पादकाचे साहित्य वापरावे लागते. रोबोकॉन तिसऱ्या प्रकारात मोडते. तेथे भाग कोणताही चालतो, मात्र वजन, विद्युतदाब, हवेचा दाब व सुरक्षितता यांच्या मर्यादा पाळाव्या लागतात. हे धोरण वरवर सर्वांत उदार आहे. परंतु मर्यादा ही मोजमापाची बाब असल्यामुळे संदिग्धताही याच प्रकारात सर्वाधिक लपलेली असते.

प्रथम विद्युतदाबाचा विचार करू. २४ व्होल्टची मर्यादा रोबोकॉनमध्ये दीर्घकाळ परिचित आहे. आता २४ व्होल्ट म्हणजे बॅटरीवर छापलेला नाममात्र दाब, की मल्टिमीटरने टोकांवर मोजलेला प्रत्यक्ष दाब? शिसे-आम्ल प्रकारच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडल्यास नाममात्र दाब बरोबर २४ होतो. पण पूर्ण भारित अवस्थेत मीटर सुमारे २५.४ दाखवतो. सहा घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा नाममात्र दाब २२.२ व्होल्ट, तर पूर्ण भारित दाब २५.२. आठ घटांच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा नाममात्र दाबच २५.६ असून भारित दाब २९.२ पर्यंत जातो. म्हणजे ‘नाममात्र’ हा एक शब्द नियमात असेल तर पहिल्या दोन बॅटऱ्या वैध व तिसरी अवैध ठरते. तो नसेल आणि पंचाच्या हातात मीटर असेल, तर पूर्ण भारित अवस्थेत तिन्ही अवैध ठरतात. हा शब्द नियमात आहे का, हे विद्यार्थी पाहतात; परंतु प्रश्नोत्तरांत तो शब्द वगळून उत्तर दिले गेले असेल तर काय, हे फारसे कोणी पाहत नाही. शिवाय दाब वाढवणारा परिपथ बसवून आत ३६ व्होल्ट निर्माण केल्यास मर्यादा उगमाला लागू की परिपथातील प्रत्येक बिंदूला, हा आणखी एक प्रश्न उरतो.

दुसरे उदाहरण दाबाखालील हवेचे. रोबोकॉनच्या गेल्या दशकातील अनेक नियमावल्यांत ६०० किलोपास्कल, म्हणजे ६ बारची मर्यादा असून हवा साठवण्यासाठी त्याच कामाकरिता बनवलेले पात्र अथवा निर्दोष अवस्थेतील, योग्य रीतीने तयार केलेली प्लास्टिकची बाटली वापरण्याची मुभा आहे. शीतपेयाची बाटली हलकी, स्वस्त व सर्वत्र मिळणारी. ती वापरण्याचा मोह साहजिक आहे. पण ‘योग्य रीतीने तयार केलेली’ म्हणजे काय? फुटल्यास तुकडे उडू नयेत म्हणून विद्यार्थी बाटलीला भोवताली चिकटपट्टीचे थर गुंडाळतात. ही तयारी योग्य म्हणावी, तर त्या थरांखाली बाटली निर्दोष आहे की तिला चीर गेली आहे हे पंचांना दिसत नाही. एक अट पाळताना दुसरी अट तपासण्याची सोय नाहीशी होते. नियम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आले नसावे. पारदर्शक आवरण अथवा जाळी वापरून हा पेच सुटतो. मात्र तसे नियमात कोठे लिहिलेले नाही.

त्याहून बारीक मुद्दा मोजणीचा आहे. ६०० किलोपास्कल हा गेजवरील दाब, की निरपेक्ष दाब? कार्यशाळेतील कोणताही गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून व्यवहारात पहिला अर्थ घेतला जातो. परंतु नियमात तसे म्हटलेले नसेल तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही अर्थ संभवतात आणि त्यांत सुमारे एका बारचे अंतर पडते. शिवाय दाब तापमानावर अवलंबून असतो. नाशिकमधील जानेवारीची सकाळ १२ अंश सेल्सिअसची धरू. त्या वेळी गेजवर ६ बार येईपर्यंत भरलेली बाटली दुपारी ३२ अंशांच्या जागी आणली, तर बाटलीचे आकारमान बदलत नाही असे मानल्यास गेजवर सुमारे ६.५ बार दिसतील. विद्यार्थ्याने काहीही केलेले नाही. सकाळी वैध असलेली बाटली दुपारी अवैध झाली. नियम भरतेवेळच्या दाबाविषयी आहे की कोणत्याही क्षणीच्या दाबाविषयी, याचा खुलासा येथे सुरक्षिततेच्या बाजूनेच व्हायला हवा, कारण बाटली फुटताना ती केव्हा भरली होती याचा विचार करीत नाही.

तिसरे उदाहरण वजनाचे. सर्व रोबोट मिळून ५० किलोग्रॅम ही मर्यादा अनेक वर्षांच्या नियमावल्यांत आढळते. तीत ऊर्जास्रोत, केबल, नियंत्रक धरावयाचे असतात. मग बदली बॅटरी, पाना किंवा सामन्यांच्या दरम्यान बदलला जाणारा पंजा यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या त्या वर्षीच्या मजकुरातच शोधावे लागते. महाविद्यालयातील काटा आणि स्पर्धास्थळाचा काटा यांत शंभर ग्रॅमचा फरक असणे अगदीच शक्य आहे. जो संघ ४९.९८ किलोवर समाधानी असतो, त्याला स्पर्धेच्या दिवशी करवत हाती घ्यावी लागते.

शब्द आणि हेतू

नियमाचा अर्थ शब्दावरून लावावा की हेतूवरून, हा वाद अभियांत्रिकीचा नाही. तो विधिशास्त्राचा आहे व तेथे त्याचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. ब्रिटिश विधिज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये उद्यानात वाहन आणण्यास मनाई करणाऱ्या नियमाचे उदाहरण दिले. मोटारगाडी हे वाहन आहे याविषयी शंका नाही. पण सायकल, चाकांचे बूट, खेळण्यातली गाडी यांचे काय? शब्दाला निश्चित अर्थाचा एक गाभा असतो व त्याभोवती अनिश्चिततेची छाया असते, असे हार्ट यांचे म्हणणे. त्याच वर्षी लॉन फुलर यांनी प्रतिवाद केला, की चबुतऱ्यावर युद्धस्मारक म्हणून चालू स्थितीतील लष्करी ट्रक बसवायचा असेल तर तो गाभ्यात बसूनही हेतूत बसत नाही.

रोबोकॉनच्या इतिहासात या वादाची प्रत्यक्ष रूपे दिसतात. २०१६ च्या बँकॉक येथील स्पर्धेचा विषय स्वच्छ ऊर्जा हा होता. त्यातील एका रोबोटला स्वतःला पुढे नेणारे प्रेरक साधन असता कामा नये. दुसऱ्या रोबोटने त्याला स्पर्श न करता वारा, चुंबकीय बल अशा मार्गाने चालवायचे होते. मग ताणून ठेवलेली स्प्रिंग हे प्रेरक साधन आहे काय? उतारावरून घरंगळणे चालेल काय? शब्दाच्या छायेतले हे प्रश्न आहेत आणि हेतूकडे पाहिल्याशिवाय त्यांची उत्तरे मिळत नाहीत. २०१९ च्या उलानबाटर येथील स्पर्धेत एका रोबोटने चार पायांवर चालणे आवश्यक होते. पाय कशाला म्हणावे? आऱ्यांसारखे फिरणारे दांडे जमिनीला आळीपाळीने टेकत असतील, तर ते पाय की परिघ काढून टाकलेले चाक?

क्रिकेटमधील एक प्रसंग येथे उपयोगी आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळायला उतरला. बॅट लाकडाचीच असावी असे त्या वेळच्या नियमांत कोठेही म्हटलेले नव्हते. इंग्लंडच्या कर्णधाराने चेंडू खराब होत असल्याची तक्रार केली, बॅट बदलावी लागली आणि त्यानंतर नियमात लाकडाची अट घालण्यात आली. लिलीची बॅट अवैध नव्हती. ती वैध असल्यामुळेच नियम बदलावा लागला. विद्यार्थ्याने नियमातील फट शोधली म्हणून त्याला लबाड ठरवण्यापूर्वी हा भेद ध्यानी घ्यावा. फट शोधणे हे अभियंत्याचे काम आहे. ती लपवणे मात्र नव्हे.

या संदर्भात भारतीय परंपरेतील साधनेही दुर्लक्षण्याजोगी नाहीत. परस्परविरोधी विधानांचा अर्थ कसा लावावा, याचे शास्त्र पूर्वमीमांसेने घडवले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची विस्तृत चर्चा केली आहे. मीमांसेने अर्थनिर्णयाची सहा साधने सांगितली : श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. यांतील प्रत्येक साधन आपल्या पुढच्यापेक्षा बलवान. म्हणजे स्पष्ट शब्दांत सांगितलेले प्रकरणावरून काढलेल्या अनुमानापेक्षा श्रेष्ठ आणि नुसत्या नावावरून वा शीर्षकावरून काढलेला अर्थ सर्वांत दुर्बळ. वरील बाटलीचेच उदाहरण घ्यावे. ‘निर्दोष अवस्थेतील’ ही अट हवेच्या दाबाच्या प्रकरणात आली आहे. चेंडू धरण्यासाठी कापून बसवलेल्या बाटलीच्या तुकड्याला ती लावणे हे प्रकरण सोडून अर्थ लावणे होय. तपासणीच्या टेबलावर असा युक्तिवाद शांतपणे मांडता आला पाहिजे. पाणिनीच्या व्याकरणातही तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास नंतरचा नियम ग्राह्य मानण्याची व्यवस्था आहे. प्रश्नोत्तरांच्या क्रमाला हे तत्त्व लावण्यापूर्वी मात्र दोन्ही उत्तरे खरोखर तुल्यबळ आहेत का, हे पाहावे लागते.

उत्तर कोणाचे मानावे

‘फर्स्ट’च्या नियमपुस्तिकेने या बाबतीत रोखठोक भूमिका घेतली आहे. मजकुराचा अर्थ मजकूर सांगतो तेवढाच. मागील वर्षीचे नियम अथवा व्यवहारातील समजुती त्यात मिसळू नयेत, असे ती बजावते. व्हेक्स स्पर्धेत अधिकृत प्रश्नोत्तरे सर्वांना खुली असतात व नियमपुस्तिकेखेरीज त्यांनाच अधिकृत निर्वाळ्याचे स्थान आहे. खासगी पत्रव्यवहारात कोणी काय कळवले, याला किंमत नाही.

आपल्याकडील संघांची सर्वाधिक फसगत याच मुद्द्यावर होते. एखादा विद्यार्थी आयोजकांना दूरध्वनी करतो, पलीकडून कोणीतरी ‘चालेल’ म्हणते आणि त्या एका शब्दावर पंचवीस-तीस हजारांची मोटार मागवली जाते. तपासणीच्या वेळी ते ‘कोणीतरी’ तेथे नसते. पंचही हट्टी नसतात. त्यांच्यापुढे छापील मजकूर असतो आणि समोर इतर संघ उभे असतात. एका संघाला तोंडी दिलेली सवलत मान्य करणे म्हणजे ज्या संघांनी प्रश्न न विचारता नियम कडक अर्थाने पाळला त्यांच्यावर अन्याय करणे होय. म्हणून प्रसिद्ध न झालेले उत्तर हे उत्तर नव्हे, हे सूत्र कठोर वाटले तरी न्याय्य आहे.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘आमची रचना चालेल का?’ असा प्रश्न विचारल्यास आयोजक बहुधा उत्तर टाळतात, कारण त्यांना एका संघाची रचना मंजूर करावयाची नसते. ‘अमुक नियमातील विद्युतदाब हा नाममात्र की भारित अवस्थेत मोजलेला?’ असे विचारल्यास उत्तर देणे भाग पडते व ते सर्वांना लागू होते. अशा प्रश्नातून आपली युक्ती इतरांना कळेल, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. मात्र नियमाच्या एका शब्दापुरता मर्यादित प्रश्न रचनेविषयी फारच थोडे सांगतो. आणि ज्या युक्तीची वैधताच अनिश्चित आहे, ती गुप्त ठेवून मिळणारा लाभही तितकाच अनिश्चित असतो.

महाविद्यालयाची बाजू

नाशिकच्या औद्योगिक परिसरामुळे एक प्रश्न येथे विशेषत्वाने उद्भवतो. सातपूरच्या कारखान्याने स्नेहापोटी दिलेली सर्व्हो मोटार फुकट धरावी काय? ज्या स्पर्धांत खर्चाची मर्यादा असते, त्यांतील काहींत देणगीदाखल मिळालेल्या वस्तूचीही बाजारभावाने किंमत लावावी लागते. त्याचप्रमाणे रोबोट विद्यार्थ्यांनी स्वतः बनवावा, असा नियम असताना अंबडच्या कारखान्यात कातलेला गिअर विद्यार्थ्यांचा म्हणावा की कारागिराचा? रेखाचित्र विद्यार्थ्यांचे व कातकाम बाहेरचे, ही व्यवस्था साधारणपणे मान्य होते. पण संपूर्ण गिअरपेटी जुळवून, चाचणी करून आणली तर ती मान्य होईलच असे नाही. रेखाचित्रे, चलने आणि जुळणीची तारीखवार नोंदवही संघाजवळ असेल तर पंचांच्या शंकेला तेथल्या तेथे उत्तर देता येते. ही वही ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांना कंटाळवाणे वाटते व म्हणून ते प्राध्यापकानेच पहिल्या आठवड्यात लावून द्यावे लागते. वहीत खरेदीच्या नोंदीसमोर एक रकाना नियमक्रमांकाचा असावा : हा भाग कोणत्या नियमाने वैध आहे आणि त्या नियमावर कोणत्या तारखेचा खुलासा प्रसिद्ध झाला आहे. रकाना रिकामा राहत असेल तर मोटार मागवण्याआधी प्रश्न पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत पर्यायी रचना कागदावर तयार ठेवावी.

अनेक ठिकाणी हाच रोबोट अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणूनही सादर होतो. स्पर्धेत भाग अवैध ठरल्यामुळे बाद झालेल्या संघाला अंतर्गत मूल्यमापनात त्याचा फटका बसावा काय, याबाबत विभागाविभागांत एकवाक्यता नसते. पंच यंत्राची वैधता तपासतात, परीक्षक विद्यार्थ्याचे आकलन तपासतो; या दोन तपासण्या भिन्न आहेत. ज्या विद्यार्थ्याने नियमाचे दोन्ही अर्थ ओळखले, लेखी प्रश्न विचारला, उत्तर न आल्याने एक अर्थ सकारण स्वीकारला आणि तो पंचांनी नाकारला, त्याची नोंदवही परीक्षकापुढे आली पाहिजे. ज्याने नियमच वाचला नव्हता आणि जो केवळ पंचांची नजर चुकली म्हणून खेळला, त्याचीही.